माथ्यावरचा क्रूस

मिसम्मांनी दुमडलेला कागद टेबलावर ठेवला आणि तो उडू नये म्हणून त्यावर दौत ठेवली. दौतीच्या वर कागदाचा चार बोटं भाग तेवढा उघडा राहिला. मजकूर मला दिसलाच नाही. दिसला तो माथ्यावर मधोमध काढलेला क्रूस, जोंधळ्याच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या पायाशी एक आडवी रेघ. हे त्या मंगळवारी सकाळी, पहिला तास सुटल्यावर. आम्ही पाचही शिक्षिका टेबलाच्या अलीकडे ओळीनं उभ्या होतो, हजेरीला उभ्या केलेल्या मुलींसारख्या. मिसम्मा म्हणजे आमच्या मिस पेटिग्रू. त्या एकोणीस वर्षं जाफन्यात राहून तमिळ शिकल्या, पण पुस्तकातून शिकल्या, त्यामुळे त्या रागावल्या तरी छापल्यासारखं बोलायच्या. "या पत्रात नागमुत्तूची माता लिहिते की तिच्या कन्येस बायबलच्या तासास बसवू नये," त्या म्हणाल्या. "तसे लिहिण्याचा तिला अधिकार आहे. परंतु काल उपदेशक तिच्या घरी गेले, तेव्हा आपणास यातील काहीही ठाऊक नाही असे ती म्हणाली. मग हे पत्र कोणी लिहिले? आणि शैव घरातून आलेल्या पत्राच्या माथ्यावर आपल्या शाळेचा क्रूस कसा?" तबिता खोकली. मिसम्मांचं बोट त्या क्रुसाशेजारी टेकलेलं होतं, नख अगदी पांढरं झालेलं. त्या पुढे म्हणाल्या, "उद्या साडेतीन वाजता आपण पाचही जणी इथे बसून हाच मजकूर लिहून द्याल. पत्र खरे असेल तर मी कायदा पाळीन. खोटे असेल तर गुरुवारी मुलीचे नाव हजेरीपटातून जाईल."

पत्र मी लिहिलं होतं. शनिवारी दुपारी, माझ्या खोलीमागच्या विहिरीच्या कठड्यावर बसून, मांडीवर पाटी ठेवून तिच्यावर कागद. नागमुत्तूची आई वल्ली समोर उकिडवी बसली होती. मी सगळी काळजी घेतली होती. मिशनचा कागद वापरला नाही, बाजारातून एक ताव आणला. शाईत पाणी घातलं. अक्षर माझं काढलं नाही, पाटीवर गिरवायला देतो तशी गोल गोल, कुणाचीच नसलेली अक्षरं काढली. फक्त वाक्यं कचेरीतल्या सरकारी नोटिशीतली घेतली, शब्दाला शब्द, म्हणजे कुणाला नाकारता येऊ नयेत. शेवटी वल्लीचा अंगठा शाईत बुडवला आणि तिला म्हटलं, दाब. तिनं इतका दाबला की पाटी हलली. एवढं सगळं केलं आणि लिहायला बसताना, पहिल्या अक्षराच्याही आधी, हातानं आपलं रोजचं काम उरकून घेतलं. मला दिसलंसुद्धा नाही. वल्लीला वाचता येत नव्हतं, तिनं क्रुसासकट सगळ्या कागदाला नमस्कार केला.

आता हे हाताचं काम काय, ते सांगते. आमच्याकडे कुणीही शैव माणूस कागदाला टाक लावतो तेव्हा आधी माथ्यावर पिळ्ळैयारचा, म्हणजे गणपतीचा, एक वळसा काढतो. वाण्याची यादी असो, पत्रिका असो, कोर्टातली फिर्याद असो, गणपतीला विचारल्याशिवाय अक्षर नाही. मुली हा वळसा घरूनच शिकून येतात. शाळेच्या पहिल्या दिवशी पाटी हातात दिली की तो निघतो, कधी वाकडा, कधी नुसताच मासळीच्या गळासारखा. आम्ही तो ओल्या फडक्यानं पुसतो, मुलीचा हात आपल्या हातात धरतो आणि त्याच जागी क्रूस काढून घेतो, आणि खाली आडवी रेघ. रेघ म्हणजे येशूला क्रुसावर दिलं ती टेकडी. मोठ्या मिसम्मांनी, म्हणजे या मिसम्मांच्या आधीच्या, ही रीत घातली आणि रेघही त्यांचीच. जाफन्यात आमच्या शाळेखेरीज ती कुणी काढत नाही. आमच्या जुन्या मुली गावात पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या किती जणींना सरकारी नोटीस तोंडपाठ असणार? म्हणून मिसम्मा सरळ आमच्याकडे आल्या. सतरा वर्षं मी मुलींचे वळसे पुसले, आणि ज्या एका कागदावर वळसा हवा होता त्यावर क्रूस काढून बसले. हसू येण्यासारखंच होतं. मंगळवारी मला हसू आलं नाही.

ती नोटीस कचेरीच्या दारामागे टांगलेली असते. दार दिवसभर उघडं असतं, त्यामुळे ती दिवसभर दाराआड असते. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येतो तेव्हा त्याच्यासाठी दार लावून घेतात आणि मग त्याला ती भिंतीवर छान दिसते. तिच्यात लिहिलंय की सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांनी लेखी हरकत घेतली तर मुलाला धर्मशिक्षणाच्या तासाला बसवू नये. लेखी. शाळेत दोनशे मुली, त्यांतल्या दीडशे शैव, आणि आजवर एकीचंही पत्र आलं नव्हतं. फाटकाशी दगडी कुंडी आहे. पहिला तास बायबलचा, म्हणून आत येताना प्रत्येक मुलगी कुंडीतल्या पाण्यानं कपाळावरची विभूती धुते. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. न लिहिलेला नियम सगळ्या पाळतात आणि लिहिलेला दारामागे राहतो, याचं मला कधी आश्चर्य वाटलं नव्हतं. फाटकावर उभं राहायची पाळी महिन्यातून एक आठवडा माझी असते.

नागमुत्तू नऊ वर्षांची, ताडावर चढून ताडी काढणाऱ्याची मुलगी. गेल्या उन्हाळ्यात तिला देवी आल्या. सतरा दिवस ती केळीच्या पानावर होती, आणि वल्लीनं आम्मन देवीला नवस बोलला की पोर वाचली तर तीन वर्षं तिच्या कपाळावरची विभूती दिवसाउजेडी उतरू देणार नाही. पोर वाचली. गालांवर वण घेऊन पुन्हा शाळेत आली, आणि रोज सकाळी तळहात कपाळावर ठेवून, डोकं दुखत असल्यासारखं करून, कुंडीला वळसा घालून आत जाऊ लागली. माझ्या पाळीच्या आठवड्यात मी दुसरीकडे बघितलं. पत्राच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, पाळी ज्ञानमुत्तू अक्कांची होती, त्या आमच्या मुख्य शिक्षिका. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि ओल्या टॉवेलनं कपाळ पुसलं. रागानं नाही. आपल्या पोराचं नाक पुसावं तसं पुसलं. नागमुत्तू रडली नाही. ती कुंडीपाशी खाली बसली आणि थरथर कापायला लागली, ताप भरल्यासारखी. मी तिला उचलायला गेले तर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "टीचरम्मा, मी आता मरणार ना?"

त्या टॉवेलाला निळ्या साबणाचा वास असतो. मोठ्या मिसम्मांच्या वेळीही तोच साबण होता. मी सात वर्षांची होते आणि माझं नाव सिन्नाच्ची होतं, बाप्तिस्मा होऊन पर्सिस व्हायला अजून तीन वर्षं होती. त्या सकाळी आईनं माझ्या कपाळावर तीन बोटं ओढली, मधलं बोट जरा जास्त दाबून, कारण तिच्या त्या बोटाला सुपारी कातरताना लागलं होतं आणि ते वाकत नसे. कुंडीपाशी मोठ्या मिसम्मांनी माझी हनुवटी धरली. टॉवेल थंड होता. पाणी नाकावरून ओठावर आलं, राखेची चव लागली, मग साबणाची. माझ्या मनात एवढंच आलं की आईला कळलं तर. पण आईला कळलं नाही. घरी जाताना मी चुलीतली राख लावली आणि तिला वाटलं सकाळचीच आहे. एकवीस दिवस मी तिला असं फसवलं. बाविसाव्या दिवशी आमच्या आळीत महामारी आली आणि दुपारपर्यंत आई गेली. शेवटी तिचे हात बर्फासारखे झाले होते, आणि तरी तिनं ते न वाकणारं बोट उचलून माझ्या कपाळाला लावलं, चुलीच्या राखेवर. आईला मी मारलं, असं मला वाटलं. कुणाला सांगितलं नाही. वसतिगृहात ठेवलं तेव्हा नाही, बाप्तिस्मा झाला तेव्हा नाही, पाद्रींनी मनातलं सगळं पाप सांग म्हटलं तेव्हा मी त्यांना पेरू चोरल्याचं सांगितलं.

मी येशूला मानते. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर कुणाला वाटेल की ही आतून शैवच राहिली होती आणि म्हणून तिनं ते पत्र लिहिलं. तसं नाही. मी त्याला रोज सकाळी हाक मारते आणि पुष्कळदा तो ओ देतो. पण तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी भ्यालेली होते, आणि मला कुणीही विचारलं नव्हतं. हे त्याला ठाऊक आहे. याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही. नागमुत्तूचं ते कापणारं शरीर माझ्या हातात होतं तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं ज्याबद्दल बोललो नाही ते हे. शनिवारी वल्ली रडत आली आणि म्हणाली, टीचरम्मा, काहीतरी करा, तेव्हा दारामागची नोटीस मला आठवली. नागमुत्तूला मी बजावलं, पत्र कुणी लिहिलं ते कुणालाही सांगायचं नाही. कुणालाही, मिसम्मांनासुद्धा. तिनं मान हलवली होती.

मंगळवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, वल्ली मागच्या कुंपणाशी आली. ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणाला तिथे एक फट आहे, तिच्यातून तिचा एक डोळा आणि अर्धा ओठ दिसत होता.

"मी नाही म्हणाले, टीचरम्मा."

"कळलं मला. का गं असं केलंस? अंगठा तुझाच ना?"

"माझाच. दुसऱ्याचा कुठून आणू? पण तो उपदेशक म्हणाला, सरकारी कायद्याचा कागद आहे हा, उद्या पोलीस विचारत आला तर काय सांगशील? नवरा वन्नीच्या रानात कामाला, घरात सासू आंधळी. माझी बोबडीच वळली. मला ठाऊक नाही, अय्या, म्हणून बसले."

"आणि नागमुत्तू?"

"ती बोलतच नाही. कचेरीत तीनदा विचारलं म्हणे. घरीसुद्धा गप्प. तुम्हीच सांगितलंत ना तिला, बोलू नको म्हणून." तिचा डोळा फटीत हलला. "त्या शैवांच्या शाळेत घालू का हिला?"

"घेतील?"

"घेतील की. अंगणापर्यंत घेतील. आमच्या पोरींना बाकावर कोण बसवतंय तिथे? इथे निदान बाक तरी आहे." मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही सांगा ना मिसम्माला. तुमचं ऐकेल ती. तुम्ही त्यांच्यातल्याच."

"बघते," मी म्हटलं.

बघते म्हणजे काय ते तिलाही कळलं असावं, कारण तिनं आणखी काही विचारलं नाही. तिची पावलं लाल मातीवरून दूर गेली. मी खोलीत येऊन खाटेवर बसले आणि खोलीकडे बघत राहिले. खाट मिशनची, टेबल मिशनचं, खिडकीतला पडदा मी शिवलेला पण कापड मिशनचं. अडतिसाव्या वर्षी या खोलीबाहेर माझं काय आहे? एक भाऊ आहे, तो मला अजून सिन्नाच्ची म्हणतो, ओसरीवर केळीचं पान मांडून वाढतो आणि नंतर ओसरी धुतो. एक शब्द बोलले तर मुलगी राहते आणि मी जाते. गप्प बसले तर मी राहते. इतकं सोपं होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि मी दिवेलागणीपर्यंत तेच करत बसले. माझे हात थंड पडले होते. आईचे आठवून मी ते पदरात गुंडाळले.

बुधवारी सकाळी नागमुत्तू चिंचेखाली उभी होती. निकाल लागेपर्यंत तिला वर्गात घ्यायचं नाही असं ठरलं होतं, आणि घरी जा असंही कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती उभी. तळहात कपाळावर. मी तिच्याजवळून गेले तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, माझ्यासाठी. नऊ वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती आणि मी तिला घेऊ देत होते, याची लाज मला वाटली, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती आणि तिनं मला पुढे ढकललं. पहिल्या तासाला दानिएलाची गोष्ट होती. राजाचा हुकूम निघाला आहे की राजाखेरीज कुणाची प्रार्थना करायची नाही, आणि दानिएल घरी जातो, खिडक्या उघडतो आणि रोजच्यासारखी प्रार्थना करतो. ही गोष्ट मी सतरा वेळा सांगितली आहे. सिंहांची गुहा आली की मुली पुढे सरकतात. त्या दिवशी मागच्या बाकावरची एक टवळी उठली आणि म्हणाली, "टीचरम्मा, त्याला हरकतीचं पत्र नसतं का देता आलं?" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

मधल्या सुट्टीत आम्ही पाच जणी व्हरांड्यात जेवायला बसलो. तांदळाच्या पिठाचा पुट्टू माझ्या तोंडात रेतीसारखा फिरत राहिला. तबिता आमच्यातली सगळ्यात लहान, तिचं लग्न ठरलेलं, तिला सगळ्याचंच हसू यायचं.

"पर्सिस अक्का, तुम्हाला काय भीती? तुमचं अक्षर देवदूताचं. माझं कोंबडीच्या पायाचं. बघाल तुम्ही, माझ्याच गळ्यात घालणार हे. सासरचे म्हणतील, सून आणली ती अशी पत्रं लिहिणारी."

"हसण्यावारी नेऊ नकोस गं," ज्ञानमुत्तू अक्का म्हणाल्या. त्यांनी घास खाली ठेवला. "जिनं केलं तिला शरम वाटायला पाहिजे. वर क्रूस काढायचा आणि खाली क्रुसाविरुद्ध लिहायचं! मी त्या पोरीचं कपाळ काय सुरीनं कापलं होतं? पाण्यानं तर पुसलं. माझंही असंच पुसलं होतं. तुझंही ना, पर्सिस?"

"हो अक्का."

"मग? मेलो का आपण?"

मी पाणी प्यायले. बाकीच्या दोघी खाली मान घालून जेवत होत्या, आणि मला एकदम वाटलं, या प्रत्येकीच्या पोटातही एक टॉवेल असेल. अक्कांच्यासुद्धा. पण असं कुणाला विचारतात का? मी बोटानं मांडीवर, लुगड्याच्या निऱ्यांआड, सराव करत होते. वर काही न काढता सरळ मजकूर. वर काही न काढता सरळ मजकूर. ज्यानं सापडू शकते तेवढं टाळायचं, बस. गुरुवार निघून जाईल. नागमुत्तू लहान आहे, विसरेल. मी कुठे विसरले, हा प्रश्न आला आणि मी तो पाण्याबरोबर गिळला.

साडेतीनला मिसम्मांनी आम्हाला कचेरीत एकेका टेबलाशी बसवलं, एकमेकींकडे पाठ करून. माझ्यासमोर खिडकी आली. प्रत्येकीला एक कागद, एक टाक, आणि मधल्या टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा. "डाग पडल्यास दुसरा कागद घ्यावा," मिसम्मा म्हणाल्या. त्यांनी ते पत्र हातात घेतलं आणि सांगू लागल्या. "'माझ्या मुलीस धर्मशिक्षणाच्या तासास बसवू नये...'" मी टाक बुडवला. मी स्वतःला सांगत होते, सरळ मजकूर, सरळ मजकूर, आणि खाली बघितलं तर कागदाच्या माथ्यावर क्रूस होता. ओला, काळा. या हाताचं मी काय करू? वर्गात मुलींचे असेच हात मी तयार केले होते, त्याआधी कुणीतरी माझा तयार केला होता, आणि आता तो मला विचारायला थांबत नव्हता. पण टेकडीची रेघ अजून काढलेली नव्हती. रेघेशिवाय ती नुसती फुली होती, टाक चालतो का ते बघायला मारलेली. शिवाय गठ्ठा हाताच्या अंतरावर होता. डाग पडला, मिसम्मा, एवढं म्हटलं की झालं.

मी वर बघितलं. खिडकीतून चिंच दिसत होती. आपल्याकडे कुणी बघत नाही असं वाटून नागमुत्तूनं कपाळावरचा हात खाली घेतला होता. दिवसभर उन्हात आणि घामात ती विभूती ओघळून भुवईपर्यंत आली होती. तिनं परकराच्या टोकाची गाठ सोडली, चिमटीत काहीतरी घेतलं, आणि तीन बोटं कपाळावरून सावकाश ओढली, जीभ बाहेर काढून, अवघड अक्षर काढताना मुली काढतात तशी. मग पुन्हा तळहात ठेवला आणि उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आई जवळ नव्हती, मी जवळ नव्हते, आणि एवढी भ्यालेली असून तिनं ते केलं. माझं मला कळायच्या आत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि क्रुसाच्या पायाशी रेघ ओढली. हे मात्र मी काढलं. हातानं नाही. जरा जाडच आली ती रेघ. मग खाली, माझ्या नेहमीच्या अक्षरात, मी मिसम्मा सांगत होत्या ते लिहीत गेले.

त्यांनी कागद गोळा केले आणि टेबलावर ओळीनं मांडले. आम्ही वळून बसलो. मला वाटलं होतं त्या माझ्याकडे बघतील, पण त्या बघत होत्या बाकीच्या चार कागदांकडे. चारही कागदांचे माथे कोरे होते.

"ज्ञानमुत्तू," त्या म्हणाल्या, "आपला क्रूस कोठे आहे?"

"विसरले, मिसम्मा."

"तबिता?"

"घाईत... घाईत राहिला." तबिताला या वेळी हसू आलं नाही.

बाकीच्या दोघींना त्यांनी विचारलंच नाही. त्या चार कागदांवरून एकेक करून बोट फिरवत गेल्या, माथ्यावरच्या रिकाम्या जागेवरून, तिथे काहीतरी असायला हवं होतं अशा. मला त्यांची दया आली. एकोणीस वर्षं या बाईनं आम्हाला रोज सकाळी क्रूस काढताना बघितलं होतं, आणि पहिल्यांदाच तो काढला तर काही जाईल अशी वेळ आली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो टाळला. मीही टाळणारच होते. शेवटी त्यांनी पाचवा कागद उचलला.

"पर्सिस."

मी उभी राहिले. टेबलाची कड धरली.

"अंगठा तिच्या आईचाच आहे," मी म्हटलं. "तिनं सांगितलं, मी लिहिलं. पोलीस येईल म्हणून घाबरून ती नाही म्हणाली. पत्र खरं आहे, मिसम्मा."

"आपण मला का विचारले नाही?"

"भीती वाटली."

"माझी?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. मग उठल्या आणि दार लावून घेतलं, बाहेरच्या मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून असेल. दारामागची नोटीस भिंतीवर सगळ्यांना दिसू लागली. धुळीनं तिची वरची ओळ वाचता येत नव्हती. मिसम्मा तिच्यासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच बोलल्या. "ती मुलगी उद्यापासून पहिल्या तासास व्हरांड्यात बसेल. नाव राहील. कायदा तसा आहे." मग म्हणाल्या, "आपली खोली शनिवारपर्यंत रिकामी करावी." आणि ज्ञानमुत्तू अक्का, ज्या कधी रडत नाहीत, पदर तोंडात धरून बसल्या.

मी बाहेर आले. वाटलं होतं बोलून टाकल्यावर भीती जाईल, तसं सांगतात. गेली नव्हती. ओसरीवरचं केळीचं पान दिसत होतं, शनिवार दिसत होता. कुंडीपाशी मी थांबले. तिच्या काठावर टॉवेल वाळत टाकलेला होता, निळ्या साबणाच्या वासाचा. नागमुत्तू चिंचेखालून आली आणि चार हातांवर उभी राहिली. आत काय झालं ते तिला कळलेलं नव्हतं, पण मला बाहेर पाठवलंय म्हणजे हरलो असं तिनं धरलं असावं. तिनं कपाळावरचा हात काढला. विभूतीच्या तीन रेघा, मधली जरा जाड. ती कुंडीकडे बघत म्हणाली, दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली, "टीचरम्मा, पुसू?"

"नको," मी म्हटलं.

तिला ऐकू गेलं नसावं. ती तशीच उभी होती, एक हात पाण्याकडे. मी टॉवेल उचलून काखेत घेतला आणि पुन्हा म्हटलं, "नको, सिन्नाच्ची." आणि मग, "नागमुत्तू. नको."